गृहपाठ मोबाइलवर द्यावा का? सिडकोतल्या एका शिक्षिकेच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या सिडको भागातल्या एका अनुदानित मराठी शाळेत सातवी-आठवीला गणित शिकवणाऱ्या मॅडम लिहितात: संस्थेने जूनपासून पाचवी ते दहावीसाठी गृहपाठाचं डिजिटल प्लॅटफॉर्म घ्यायचं जवळपास ठरवलं आहे. दर मुलामागे वर्षाची वर्गणी. कंपनीचा माणूस डेमो देऊन गेला, मुख्याध्यापक खूश आहेत, पालकांत दोन तट पडलेत. समितीत मॅडमना मत द्यायचं आहे. फायदे काय, तोटे काय, आणि शेवटी घ्यावं की नाही?

मॅडम, आधी उत्तर सांगतो, मग कारणं. घ्यायचं तर घ्या, पण घरासाठी घेऊ नका. शाळेच्या वेळात, शाळेच्या यंत्रांवर, आठवड्यातून दोन तास वापरायला घ्या. गृहपाठ वहीतच राहू द्या. कंपनीच्या माणसाला हे आवडणार नाही, कारण त्याची सगळी मांडणी ‘मूल घरी बसून करेल, तुमचं तपासणं वाचेल’ या एका वाक्यावर उभी असते.

मी सव्वीस वर्षं गणित-विज्ञान शिकवतोय. पहिली सात सुरगाण्याकडे आश्रमशाळेत गेली, पुढची सातपूरला. लॉकडाउनच्या काळात आमच्या संस्थेनेही असंच एक प्लॅटफॉर्म घेतलं होतं. नाव सांगून उपयोग नाही, त्या काळात सगळी एकाच साच्यातली होती. ४ ऑक्टोबर २०२१ ला शहरातले आठवीपासूनचे वर्ग पुन्हा भरले, तरी वर्गणी भरलेली असल्यामुळे गृहपाठ त्याच्यावरच चालू ठेवला. आठवी ‘ब’, पट ४८. बैजिक राशींचे अवयव चालू होते. दहा प्रश्न दिले. सकाळी रिपोर्ट उघडला तर ४५ जणांनी पूर्ण केलेले, हिरवा पट्टा, सरासरी ऐंशीच्या पुढे. मी स्टाफरूममध्ये दोघांना दाखवलंसुद्धा.

मग वर्गात गेलो आणि फळ्यावर x² + ७x + १२ लिहिलं. हात वर आले अकरा.

घरी येऊन तो रिपोर्ट पुन्हा नीट पाहिला. वेळेचा रकाना मी आधी बघितलाच नव्हता. पहिल्या तिघांनी आठच्या आत पाठवलेलं. मग दोन तास कुणी नाही. आणि दहाच्या सुमारास अर्ध्या तासात एकोणतीस. त्या एकोणतिसांचा सातवा प्रश्न चुकलेला, आणि सगळ्यांचा एकच चुकीचा पर्याय. दुसऱ्या दिवशी एकाला बाजूला घेऊन विचारलं तर तो अगदी निरागसपणे म्हणाला, ‘सर, ग्रुपवर फोटो येतो ना.’ ग्रुपचं नाव ‘आठवी ब ऑफिशियल’. त्यात मी सोडून सगळे होते.

आता तुम्ही म्हणाल, वही बघून उतरवणं काय आधी नव्हतं? होतं की. प्रार्थनेच्या आधी व्हरांड्यात बसून पाच-पाच जण एका वहीवर तुटून पडायचे. पण उतरवताना निदान हात चालायचा, एखादी पायरी डोळ्याखालून जायची, आणि मला अक्षरावरून कळायचं की पोराने घाईत उरकलंय. ‘ब, क, क, अ, ड’ टिचकी मारायला यातलं काहीच लागत नाही. आणि आता तर फोटोमॅटसारखं अ‍ॅप किंवा चॅटजीपीटी प्रश्नाचा फोटो घेऊन पायऱ्यांसकट उत्तर देतं, म्हणजे ग्रुपचीही गरज उरली नाही. म्हणून प्लॅटफॉर्म घ्या किंवा नका घेऊ, एक गोष्ट याच जूनपासून करा: घरून करून आणलेल्या कामाला गुण देणं बंद करा. गुण असले की मूल उत्तर मिळवायच्या मागे लागतं. गुण नसले तर निदान काही जण खरंच सोडवून बघतात, आणि चुकलेलं आहे तसं आणतात. मला ते चुकलेलंच हवं असतं.

इथे माझं मुख्य म्हणणं येतं. गृहपाठ आपण कशासाठी देतो? सराव व्हावा म्हणून, हे खरं. पण शिक्षकाला त्यातून मिळण्यासारखी गोष्ट म्हणजे चूक. एका मुलाने ३/४ + २/५ = ५/९ लिहिलं. अंशात अंश मिळवला, छेदात छेद मिळवला. दुसऱ्याने समच्छेद वीस केला, पण अंश तसेच ठेवले आणि ५/२० लिहिलं. दोघांचं उत्तर चूक, दोघांचा शून्य. पण पहिल्याला अपूर्णांक ही एक संख्या आहे हेच कळलेलं नाही, आणि दुसऱ्याची एक पायरी विसरलीय. पहिल्याला घेऊन कागदाच्या पट्ट्या दुमडत बसावं लागेल. दुसऱ्याला नुसतं ‘अरे, वरचं?’ म्हटलं की पुरतं. वहीत हे दिसतं. ज्या प्लॅटफॉर्मवर नुसतं ‘बरोबर २३, चूक २५’ येतं, तिथे हे पुसलं जातं, आणि आपल्याला मात्र तपासल्यासारखं वाटतं.

पण हेच प्लॅटफॉर्म नीट वापरलं तर वहीच्याही पुढे जातं, हेही तितकंच खरं. त्यासाठी प्रश्नाचे पर्याय विचारपूर्वक लावावे लागतात. सातवीच्या पूर्णांकांचा एक प्रश्न घ्या: (−५) − (−८) किती? पर्याय ३, −१३, १३ आणि −३. यात −१३ निवडणाऱ्याने दुसरं उणे पाहिलंच नाही, त्याने ‘उणे पाच उणे आठ’ केलं. १३ निवडणाऱ्याच्या डोक्यात ‘उणे उणे अधिक’ हा मंत्र बसलाय आणि त्याने तो सगळीकडे लावला. −३ वाल्याने आठातून पाच काढले आणि पहिल्या संख्येचं चिन्ह चिकटवलं. असे चार प्रश्न वर्गात दहा मिनिटांत दिले आणि कुठल्या पर्यायावर किती जण गेले हे जागच्या जागी दिसलं, तर पुढच्या पंचवीस मिनिटांचं काय करायचं ते ठरतं. अठ्ठेचाळीस वह्या, एका वहीला दोन मिनिटं म्हटली तरी शहाण्णव मिनिटं. म्हणजे वह्यांतून जे उद्या कळलं असतं ते इथे आत्ता कळतं, मुलं समोर बसलेली असताना. यंत्राची खरी कमाई ही आहे. अ‍ॅनिमेशन, बॅज, नाणी, टाळ्यांचा आवाज हे सगळं पाहुण्यांना दाखवायला.

म्हणून डेमोच्या वेळी त्या माणसाला पहिला प्रश्न हा विचारा: पर्यायवार रिपोर्ट मिळतो का? आणि दुसरा: आमचे स्वतःचे प्रश्न, आमच्या पर्यायांसह, टाकता येतात का? या दोन्हींना ‘पुढच्या आवृत्तीत येणार आहे’ असं उत्तर आलं तर चहा पाजून निरोप द्या.

फुकटात हेच करायचं असेल तर गूगल फॉर्म्सची क्विझ पुरते, आणि प्रत्येक पर्यायावर किती जण गेले याचा आलेखही ती दाखवते. मुलांकडे यंत्रच नसेल तर प्लिकर्स बघा. मुलाच्या हातात फक्त छापलेलं कार्ड असतं, ते अ-ब-क-ड प्रमाणे फिरवून धरायचं, आणि शिक्षकाने आपला फोन वर्गावरून फिरवायचा. एका फोनवर अख्खा वर्ग. फुकटच्या आवृत्तीला मर्यादा आहेत, पण रोजच्या चार प्रश्नांना अडचण येत नाही. कार्डं जाड कागदावर छापून घ्या, पातळ कागदाची दिवाळीपर्यंत लक्तरं होतात.

असे छोटे प्रश्न वारंवार विचारण्याला आधारही आहे. रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवणारे. आपल्या आज्या पाढे म्हणून घ्यायच्या तेव्हा हेच करत होत्या, फक्त त्यांना कुणी शोधनिबंध लिहायला सांगितलं नाही.

दुसरा अभ्यास तुमच्या समितीत नक्की मांडा, कारण कंपन्याही तो मांडतात, पण अर्धाच. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गानिमियन यांनी दिल्लीत माइंडस्पार्क या सॉफ्टवेअरवर केलेला हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत लक्षणीय प्रगती दिसली. हे कंपनी सांगते. पण ती मुलं घरी बसून करत नव्हती, केंद्रावर येत होती. साधारण दीड तासाचं सत्र, त्यात निम्मा वेळ संगणकावर आणि निम्मा वेळ छोट्या गटात एका शिकवणाऱ्या माणसासोबत. आणि फायदा झाला त्याचं एक मोठं कारण म्हणजे सॉफ्टवेअर मुलाच्या इयत्तेचं नव्हे, तर ते मूल खरोखर जिथे आहे तिथलं शिकवत होतं. सहावी ते नववीतली बहुतेक मुलं आपल्या इयत्तेच्या बरीच मागे होती. आपल्याकडे वेगळं काय आहे? माझ्या आठवीत अशी मुलं दरवर्षी असतात ज्यांना ०.३५ हे ०.७ पेक्षा मोठं वाटतं, ‘पस्तीस आणि सात’ म्हणून. आठवीचा घटक यंत्रावर रंगीत करून दिल्याने त्यांचं काही हलत नाही. तेव्हा तिसरा प्रश्न: आठवीच्या मुलाला पाचवीचा सराव, इतर मुलांना न कळता, देता येतो का? हे जमत असेल तर त्यासाठी मी पैसे द्यायला तयार आहे. वहीत हे करायला मला प्रत्येकासाठी वेगळं पान लिहावं लागतं, आणि शेजारचा लगेच डोकावून म्हणतो, ‘सर, याला पाचवीचं?’

आता घराकडे येऊ. तुमच्या सिडकोतले निम्मे बाप अंबडच्या कारखान्यांत कामाला असतील, माझ्याकडचे सातपूरच्या. घरात फोन असतो, पण तो कामावर गेलेला असतो. वडील सेकंड शिफ्टला असले तर रात्री बाराला घरी येणार. आईचा फोन असलाच तर साधा, किंवा काच फुटलेला. एक फोन आणि दोन भावंडं असली तर आधी कुणाला मिळतो हे विचारून बघा. मी विचारलं होतं. मुलगी सातवीत, भाऊ पाचवीत, तरी पहिला नंबर त्याचा. ‘तो लवकर झोपतो ना सर,’ असं तिनेच कारण दिलं. त्या मुलीचं काम तीनदा ‘उशिरा जमा’ म्हणून लाल आलं होतं आणि मी वर्गात तिला बोललोही होतो. ते मी विसरलेलो नाही.

शहराबाहेर आणखी वेगळं. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षांची तोडणी सुरू झाली की घरंच्या घरं बागेत असतात, आणि तोडणी ऐन परीक्षेच्या तोंडावर येते. इगतपुरी-सुरगाण्याकडे पावसाळ्यात आधी वीज जाते, मग टॉवर. आश्रमशाळेत तर मुलांजवळ फोन नसतोच, तिथे घरचा डिजिटल गृहपाठ ही गोष्टच लागू होत नाही.

आणि फोन हातात आला म्हणजे अभ्यासाला लागला असंही नाही. ‘असर’ या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीच्या २०२४ च्या ग्रामीण अहवालात १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून जास्त जणांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यातल्या ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो शिक्षणासाठी वापरला होता, समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी. पालकसभेत आया मला हेच वेगळ्या शब्दांत सांगतात: ‘सर, तुम्हीच म्हणता मोबाइल देऊ नका, आणि तुम्हीच अभ्यास मोबाइलवर देता.’ याला माझ्याकडे कधीच धड उत्तर नव्हतं. गृहपाठ यंत्रावर गेला की घरातला मोबाइलबंदीचा शेवटचा बुरूज आपणच पाडतो. मूल साडेदहाला रील बघत असतं आणि विचारलं तर म्हणतं, ‘होमवर्क करतोय.’

किती गृहपाठ द्यायचा यावर २०२० चं केंद्राचं दप्तर धोरण आहे. दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, सहावी ते आठवी दिवसाला एक तास, नववीपासून दिवसाला दोन तास. ही मर्यादा सगळे विषय मिळून आहे. प्लॅटफॉर्म आलं की प्रत्येक विषयशिक्षक आपापला ‘फक्त पंधरा मिनिटांचा’ तुकडा टाकतो आणि बेरीज कुणीच करत नाही. घ्यायचंच ठरलं तर वर्गशिक्षकाला सगळ्यांचं मिळून एका पानावर दिसलं पाहिजे.

मराठी माध्यमाची म्हणून एक वेगळी कटकट आहे, ती डेमोत कधीच दिसत नाही. डेमो इंग्रजीत असतो. आमच्याकडे मुलांनी उत्तर ‘०.५’ असं देवनागरी आकड्यांत टाइप केलं की यंत्र चूक म्हणायचं, कारण त्याला इंग्रजी आकडा हवा. रिकाम्या जागेत शब्दानंतर एक स्पेस जास्त पडली, ऱ्हस्वाचं दीर्घ झालं, तरी चूक. मराठीच्या मॅडम तर रडकुंडीला आल्या होत्या. मराठीतले प्रश्न कुठून तरी यंत्राने भाषांतर केलेले, ‘मूळ’ म्हणायचं तिथे ‘रूट’. आपल्या बालभारतीच्या पुस्तकातले शब्द आणि घटकांचा क्रम तिथे आहे का, हे सातवीचं पुस्तक हातात घेऊन पानापानाला ताडून पहा.

लिहिण्याचं तर बोलायलाच नको. दहावीचा गणित भाग १ चाळीस गुणांचा, दोन तासांचा, कागदावर. पायऱ्यांना गुण आहेत. पाचवीपासून पाच वर्षं टिचक्या मारलेलं मूल तिथे समीकरणाखाली समीकरण कसं मांडणार? रचना काढताना कंपासचं टोक सरकतं, पेन्सिल बोथट असते, हे हातालाच कळावं लागतं.

तरी यंत्राशिवाय शिकवूच नये असं मला वाटणाऱ्या काही जागा आहेत. अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो हे मी पंधरा वर्षं सिद्ध करून दाखवलं, मुलांनी पंधरा वर्षं पाठ केलं. जिओजिब्रा या भूमितीच्या सॉफ्टवेअरवर एका मुलीने वर्तुळावरचा बिंदू बोटाने ओढला, तो कुठेही नेला तरी नव्वदच. ‘सर, हा अडकलाय का?’ म्हणाली. मग सिद्धता शिकवायला मजा आली, कारण आता तिला कारण हवं होतं. विज्ञानाला कोलोरॅडो विद्यापीठाची फेट ही सिम्युलेशन्स आहेत, फुकट, बरीचशी मराठीतही. विद्युत परिपथात बल्ब जोडून बघताना मूल तिथे पन्नास वेळा चुकू शकतं, सेल जळत नाही. ही वर्गातल्या एका प्रोजेक्टरवर चालतात. बालभारतीच्या पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून ‘दीक्षा’ या सरकारी पोर्टलवरचं साहित्यही मिळतं. ते वर्ग चुकलेल्या, आजारी पडलेल्या मुलाला उपयोगी पडतं. सगळंच चांगलं आहे असं नाही, आधी आपण बघून मगच सांगावं.

गंमत अशी की दूरशिक्षणाचं एक मोठं घर आपल्याच गावाजवळ आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ गंगापूर धरणाच्या बाजूला आहे. त्यांनीसुद्धा नुसतं साहित्य पाठवून भागवलं नाही. स्वयंअध्ययनाची छापील पुस्तकं काढली आणि गावोगावी अभ्यासकेंद्रं ठेवली, जिथे माणूस भेटतो. तेही मोठ्यांसाठी, ज्यांनी स्वतःहून नाव घातलंय. आपण अकरा वर्षांच्या मुलाकडून त्याहून जास्त शिस्तीची अपेक्षा करतोय.

पैशांचं आणि माहितीचं पटकन सांगतो. वर्गणी बंद केली तर तुम्ही तयार केलेले प्रश्न तुम्हाला परत मिळणार का, हे करारात लिहून घ्या. आम्हाला मिळाले नाहीत. दोन वर्षांची मेहनत गेली. मुलांची नावं, पालकांचे नंबर, चाचण्यांचे गुण कंपनीकडे जाणार. विदा (डेटा) संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने १८ वर्षांखालच्यांना बालक धरलंय, त्यांच्या माहितीसाठी पालकांची खातरजमा होईल अशी संमती सांगितलीय आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई केलीय. संमतीपत्र मराठीत मागा. आणि वर्गातल्या सगळ्यांना दिसणारी क्रमवारी असेल तर ती बंद करता येते का ते विचारा. पहिल्या पाचांना तिची गरज नसते आणि शेवटचे दहा ती बघून लॉगिन करणं सोडतात.

शिक्षकांच्या वेळेचंही. तपासणं वाचतं हे अर्धसत्य आहे. वाचलेला वेळ पासवर्ड विसरलेल्या पोरांत आणि रात्री साडेनऊला ‘सर, सबमिट होत नाहीये’ अशा पालकांच्या मेसेजांत जातो. आधीच आपल्या डोक्यावर ऑनलाइन माहिती भरायची कामं काय कमी आहेत! म्हणूनही म्हणतो, शाळेतच वापरा. मूल अडलं तर समोर असतं.

समितीच्या बैठकीला जाताना दोन गोष्टी करा. त्या माणसाला पुन्हा बोलवा, आणि डेमो त्याच्या लॅपटॉपवर नको, तुमच्या संगणक कक्षात, चाळीस मुलं एकाच वायफायवर एकदम लॉगिन करतील तेव्हा पाहू म्हणा. आणि सातवीच्या दहा वह्या सोबत न्या. पूर्णांकांच्या घटकातल्या, न निवडता उचललेल्या. चुका सगळ्यांसमोर उघडा आणि विचारा, यातली कुठली चूक तुमच्या रिपोर्टमध्ये मला दिसेल?

माझे पूर्णांकांचे आणि अपूर्णांकांचे मिळून वीस प्रश्न पर्यायांसकट पाठवतो, गूगल फॉर्ममध्ये तसेच टाकता येतील. बाराव्याचा ‘क’ पर्याय मला अजून नीट बसलेला नाही. तो कुणीच निवडत नाही, म्हणजे ती चूक मुलं करत नसावीत, माझ्याच डोक्यातली असावी. तुमच्या वर्गात कुणी निवडला तर त्याला कसं सोडवलं ते विचारा आणि मला कळवा.